स्टूबांच्या वखारीतला वास

डाग्नी आस्केलनने पुसलेल्या जिन्यावर बसून खुशाल जेवावं, असं बर्गनमध्ये बोललं जाई. आणि आमचे बर्गनकर काही ऊठसूट कौतुक करणाऱ्यांतले नव्हेत. ते आधी पावसाबद्दल कुरकुरतात, मग ओस्लोत बसलेल्या सरकारबद्दल, आणि अगदी निघता निघता, दाराची कडी हातात धरून म्हणतात, "काम बरं केलंयत हो." डाग्नीला मात्र लोक आत शिरल्या शिरल्या शाबासकी देत. मांजरांनी नासवलेली तळघरं, बोटीवरून कायमच्या उतरलेल्या म्हाताऱ्या खलाशांच्या खोल्या, शाळेतले मुलांचे संडास, जिथला वास काही केल्या हटत नाही तिथे डाग्नीला बोलवायचं हे ठरलेलं होतं. हिरवा साबण, उकळतं पाणी आणि राठ केसांचा ब्रश एवढ्या भांडवलावर तिने उभा जन्म काढला.

जोडीला तिची नणंद असे, गेर्ड. डाग्नीचा नवरा इंगवाल जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नणंद-भावजयीने बादल्या काही वेगळ्या केल्या नाहीत. गेर्ड दोघींच्या वाटचं बोलायची आणि डाग्नी दोघींच्या वाटचं घासायची. काम संपलं की डाग्नी खोलीच्या मधोमध उभी राही, डोळे मिटून घेई आणि एकच खोल श्वास ओढी. काही हाती लागलं नाही तर मान हलवी आणि ब्रश उलटा करून बादलीत ठेवी.

"झाली का तुझी प्रार्थना?" गेर्ड विचारी. "चल मग, बस चुकेल."

ते हुंगणं डाग्नी कुठे शिकली हे गेर्डला माहीत होतं, पण त्या विषयावर डाग्नी बोलत नसे. ती ते बापाकडून शिकली होती.

बाप म्हणजे मोन्स. बंदराच्या उत्तरेला, स्कूतेविकेनला, स्टूब घराण्याची तीन माळ्यांची लाकडी वखार पाण्यात खांब रोवून उभी आहे, तिथला तो पारखी. उत्तरेकडून वाऱ्यावर वाळवलेला कॉड मासा बोटी भरभरून यायचा. तो कप्पीने वर तिसऱ्या माळ्यावर खेचायचा आणि तिथे खिडकीखालच्या बाकड्यापाशी बसून मोन्सने एकेक मासा हातात घ्यायचा. सरपणाच्या ढलपीसारखा कडक मासा. तो वाकवून बघायचा, उजेडात धरायचा, मानेपाशी नाक लावायचं आणि फेकायचा. उजवीकडे पडला तो इटलीला, डावीकडे पडला तो आफ्रिकेला, मागे पडला तो कुणा गरिबाच्या रश्श्यात. मोन्सने फेकलेला मासा पुन्हा उचलून बघायची कुणाची छाती नव्हती, खुद्द म्हाताऱ्या स्टूबसाहेबांचीही नव्हती.

आता अशा माणसाचं नाक जपायला नको? मोन्सच्या घरात सुवासिक म्हणून काही चालत नसे. तंबाखू नाही, कॉफी उकळली की खिडकी उघडी, आणि साबण म्हणाल तर अजिबात नाही. गरम पाणी आणि खरखरीत फडकं यावर सगळं घर अंघोळ करी. त्यामुळे घराला, अंथरुणाला, डाग्नीच्या वेण्यांना वखारीचा वास असे. उग्र, खारवट, जुनाट असा सुक्या माशाचा वास. घरातल्यांना तो येत नसे. शाळेतल्यांना येई.

शाळेतल्या बाई काही वाईट नव्हत्या. त्या फक्त डाग्नी वर्गात आली की उठून खिडकी उघडत. बर्गनमध्ये खिडकी उघडायची म्हणजे पाऊस आत घ्यायचा. खिडकीजवळची मुलं ओली होत आणि डाग्नीकडे बघत. कुणी एक शब्द बोलत नसे. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान तिला उलट बोलता आलं असतं.

त्या वर्षी तिने औषधवाल्याच्या बायकोला डोंगरावरून टोपल्या भरभरून ब्लूबेरी वेचून दिल्या आणि बदल्यात गुलाबाच्या वासाचा एक साबण घेतला. गुलाबी कागदात गुंडाळलेला, वर सोनेरी अक्षरं. तो स्वतःसाठी घ्यावा एवढी अक्कल पोरीला होती, पण नाताळ आला तेव्हा तिला वाटलं, मुळात वास बापाचा आहे, तर औषधही बापालाच द्यावं. तिने तो त्याला भेट दिला.

मोन्सने कागद सोडला, वास घेतला आणि लेकीच्या तोंडाकडे बघितलं. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी त्याने त्या साबणाने तोंड, मान, हात कोपरापर्यंत धुतले. पारख्याने हे करणं म्हणजे सुताराने डोळ्यांना पट्टी बांधून करवत धरणं. पण लेक समोर टॉवेल घेऊन उभी होती. वखारीत गेल्यावर पहिला मासा नाकाला लावला तो गुलाब. दुसरा गुलाब. दहावा गुलाब. दिवसभर काम बंद. खालची माणसं कप्पीचा दोर धरून ताटकळली, उत्तरेची बोट धक्क्याला तशीच भरलेली राहिली, आणि मोन्स आपल्या बाकड्यापाशी हात सुगंधी करून बसून राहिला. बंदरातले लोक त्यानंतर त्याला 'गुलाब्या' म्हणू लागले. मरेपर्यंत म्हणत राहिले.

घरी येऊन तो काही बोलला नाही. आठवड्याने डाग्नीनेच विचारलं, "बाबा, साबण कुठाय?"

"संपला," तो म्हणाला. "फार छान होता."

गुलाब्या हे नाव कशावरून पडलं ते तिला पुढे कुणीतरी धक्क्यावर सांगितलं, हसत हसत. डाग्नीला हसू आलं नाही. तिला त्या वखारीचा, त्या वासाचा राग आला. बापाचं हसं करणारा तोच, आपल्यासाठी खिडकी उघडायला लावणारा तोच. मोठी झाल्यावर ती साबण-पाण्याच्या धंद्यात पडली ती काही अपघाताने नव्हे. बाप गेल्यानंतर तिने वखारीत पाऊल ठेवलं नाही. स्कूतेविकेनला काम निघालं तर ती वरच्या गल्लीने जाई.

पुढे मासा ट्रकमधून परस्पर जाऊ लागला आणि वखारी एकेक करून ओस पडल्या. काही जळल्या, काही पाडल्या, काहींत महागडी हॉटेलं निघाली. स्टूबांची तेवढी कुलूप लावून राहिली होती. आता नातू यर्गेन स्टूबकडे ओस्लोच्या हॉटेलवाल्यांची मागणी आली. मधे एकच अडचण होती. शहराच्या वारसा कचेरीतल्या रग्ना त्वाइट नावाच्या तरुण बाईने वसंतात वखार आतून पाहिली होती आणि कळवलं होतं की वखारीचा आतला भाग आहे तसा राखण्याजोगा आहे. त्यावर शहराची समिती स्वतः बघायला येणार होती, गुरुवारी. त्यांनी राखा म्हटलं की हॉटेल बारगळलं.

यर्गेन डाग्नीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात टोपी, टोपीतून पाणी गळतंय.

"डाग्नी, हे तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. तिन्ही माळे. वास राहता कामा नये."

"वरच्या माळ्यावरची ती घाण? बाकडं, दोर, ते सगळं?"

"बाकडं तू फक्त घास, नंतर सुतार उपटून नेईल. आत नुसत्या पांढऱ्या फळ्या दिसल्या की समिती काय जपणार? रिकामी हवा?" तो जरा ओशाळून हसला. "मी काही राक्षस नाही गं. पण छप्पर गळतंय, खांब कुजतायत. कुणीतरी घेतोय तर देऊन मोकळा होतो."

डाग्नीने एका शब्दाने घासाघीस केली नाही. तो गेल्यावर गेर्ड म्हणाली, "तू जाणार? त्या वखारीत?"

"जाणार तर. एवढं एकच घर माझ्या हातून धुवायचं राहिलंय."

सोमवारी सकाळी दोघींनी कुलूप काढलं. वास अंगावर आला तो जणू दाराआड वाट बघत उभा होता. गेर्डने पदर असता तर नाकाला लावला असता, तो नव्हता म्हणून टोपी लावली.

"अगं बाई! हा मासा मेलाय की अजून मरतोय?"

"बोलू नकोस. पाणी तापव."

तळाचा पहिला माळा एका दिवसात झाला, दुसरा माळा दुसऱ्या दिवशी. फळ्यांमधून पिढ्यान्पिढ्यांचं मळकट तेल निघालं, काळं पाणी बादल्यांनी समुद्रात गेलं. भिंतींवर कुणी कुणी खडूने बोटींची नावं लिहिली होती, कुठे दाढीवाल्या मुकादमाचं चित्र काढलं होतं, ते सगळं ब्रशखाली गेलं. डाग्नी अशी घासत होती की गेर्डला तिच्याकडे बघून दम लागला. मंगळवारी संध्याकाळी डाग्नी दुसऱ्या माळ्याच्या मधोमध उभी राहिली आणि डोळे मिटले. काही नाही. साबण, ओलं लाकूड, बस. एवढ्या वर्षांनी तिने त्या वासाला हरवलं होतं. तिला आनंद झाला, अगदी उघड झाला, ती गेर्डला म्हणाली, "बघ!" आणि नुसती हसली.

बुधवारी त्या तिसऱ्या माळ्यावर चढल्या. इथे बापाची जागा. बाकड्याच्या कडेला, जिथे पारख्यांची मनगटं टेकत, तिथे लाकूड झिजून खळगा पडला होता आणि तो अंधारातही चमकत होता. डाग्नीने त्याच्याकडे बघायचं टाळलं. बाकड्यामागच्या ओंडक्यांच्या भिंतीपासून सुरुवात करावी म्हणून तिने ब्रश घातला, तर दोन ओंडक्यांच्या फटीत काहीतरी अडकलं. तिला वाटलं उंदराचं घरटं असेल. बोटांनी ओढलं तर कागद आला हातात. विटका, पण गुलाबी. सोनेरी अक्षरांचे दोन-चार तुकडे अजून चिकटलेले.

आत साबण होता. एकच कोपरा गोल झालेला, एकदाच वापरलेला.

"काय गं ते?" गेर्डने विचारलं.

डाग्नीने साबण नाकाशी नेला. त्याला गुलाबाचा वास नव्हता. नखाने खरवडून पाहिलं, आतून हुंगलं. त्या साबणाला आरपार माशाचा वास येत होता.

ती खाली बसली, ओल्या फळीवर, स्कर्ट भिजेल याची फिकीर न करता. संपला म्हणाला होता. संपला नव्हता, त्याने तो हाताशी ठेवला होता, रोज सकाळी बाकड्यापाशी बसताना दिसेल असा. लोक खालून गुलाब्या म्हणून हाका मारत असताना हा इथे ठेवला होता. आणि तिला वाटत आलं होतं की बाप त्या साबणापायी तिच्यावर रुसला असेल. तिला रडू फुटलं. ते तिने दाबलं नाही. गेर्डने बादली बाजूला सारली आणि शेजारी टेकली. या बाईला गप्प बसता येतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

थोड्या वेळाने डाग्नी उठली आणि कोट चढवू लागली.

"कुठे?" गेर्ड म्हणाली. "भिंत अर्धी पण झाली नाही."

"होणार नाही."

"डाग्नी, तू आजवर जिन्याची एक पायरी अर्धी सोडलेली नाहीस."

"मग ही पहिली."

यर्गेन खाली धक्क्यावरच होता. तिने सांगितलं, तिसरा माळा मी धुणार नाही. त्याला वाटलं थकली असेल. मग वाटलं जास्त मागतेय. शेवटी त्याला कळलं आणि त्याचा आवाज चढला.

"समिती उद्या येतेय! तुझं काय अडलंय इथे? तूच तर या वासाला सगळ्यांत जास्त कंटाळली होतीस."

"होते. आता नाही."

"ठीक आहे. माणसं काय तू एकटीच आहेस का? सकाळी वाफेचं यंत्र घेऊन येईल ओड्वार. तासाभरात लख्ख करतो तो." आणि जाता जाता म्हणाला, "किल्ली ठेवून जा."

"सकाळी देते," डाग्नी म्हणाली.

घरी जाताना गेर्डला वाटलं, संपलं, यंत्रापुढे दोन म्हाताऱ्या काय करणार. डाग्नी बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती. उतरताना तिने विचारलं, "तुझ्याकडे तो निळ्या काठाचा टेबलक्लॉथ आहे ना, इस्त्रीचा?"

आमच्याकडची एक रीत आहे, ती इथे सांगितली पाहिजे. कुणी कॉफी मांडली आणि कप भरला, तर बसायचं. घाईत असलात तरी बसायचं. कप रिकामा दिसला की मांडणारा तो भरणार. तुम्ही नको म्हणायचं, तो आग्रह करणार, तुम्ही पुन्हा नको म्हणायचं आणि घ्यायची. यात मधेच उठून गेलात तर समजा त्या घराशी संबंध तोडलात. आणि कॉफीला बसलेल्या माणसांच्या पायाशी फरशी धुवायची? ते आमच्याकडे तापट दर्यावर्दीसुद्धा करत नाही.

गुरुवारी ओड्वार यंत्र खांद्यावर घेऊन धापा टाकत तिसऱ्या माळ्यावर पोचला तेव्हा पारखणीच्या बाकड्यावर निळ्या काठाचा टेबलक्लॉथ अंथरला होता. वर चांगले कप, थर्मास, आणि दालचिनीचे मोठे बन. खुर्च्या नव्हत्या म्हणून पालथ्या बादल्या. एका बादलीवर डाग्नी, एकीवर गेर्ड.

"ये रे," डाग्नी म्हणाली. "दमला असशील."

ओड्वार बेटांवरचा माणूस, दारात मावणार नाही एवढा, आणि बायकांपुढे लाजणारा. "मला ते... वाफ..." तो म्हणाला.

"हो हो. आधी घोटभर घे. ओतलीय मी."

ओतलीच होती. तो बसला. बादली करकरली. त्याने नाक जरा आक्रसलं, मग बन तोंडात घातला आणि त्याला त्याचं काही वाटेनासं झालं. गेर्डने त्याला आईचं नाव विचारलं, गाव विचारलं, लग्न का केलं नाही ते विचारलं. कप रिकामा झाला, भरला, तो नको म्हणाला, मग घेतला. बाहेर पाऊस. खाली बंदरात फेरीबोटीचा भोंगा. यंत्र कोपऱ्यात थंड पडलं होतं.

मग खालच्या दाराची कडी वाजली आणि फळ्यांमधून आवाज वर आले. समिती आली होती. यर्गेन पुढे होऊन दाखवत होता. समितीचे अध्यक्ष हाल्वर नेस म्हणून एक वयस्क गृहस्थ, जे शहरात चांगल्या जेवणासाठी प्रसिद्ध होते, आणि गुरुवारी दुपारी आमच्याकडे बटाट्याचे गोळे असतात हे ते कधी विसरत नसत.

"छान स्वच्छ आहे," ते म्हणत होते. "अगदी छान. पण यात राखायचं काय? ही वखार असेल नाहीतर नाचाचा हॉल असेल. कशावरून ओळखायचं?"

रग्ना त्वाइटचा आवाज आला, "वसंतात मी आले तेव्हा भिंतीवर बोटींची नावं होती... एक चित्र होतं..." आणि तो मधेच थांबला.

वर डाग्नीने कप खाली ठेवला. ती नावं तिच्या ब्रशखाली गेली होती. इतक्या वर्षांत स्वतःच्या कामाची तिला पहिल्यांदा लाज वाटली, आणि ती लाज शाळेतल्या खिडकीपेक्षा जास्त बोचली.

माणसं जिना चढू लागली. अर्ध्या जिन्यावर वासाने त्यांना गाठलं. एकेक डोकं वर आलं आणि समोर बघतं तर कॉफीपान.

"ओड्वार!" यर्गेन म्हणाला. "हे काय चाललंय?"

"कॉफी," ओड्वार तोंडातला बन सावरत म्हणाला.

नेससाहेबांनी टेबलक्लॉथकडे, बादल्यांकडे, डाग्नीच्या ॲप्रनकडे पाहिलं. "आपण कोण?"

डाग्नी उठून उभी राहिली. तिने काही ठरवून ठेवलं नव्हतं. "मी धुणारी," ती म्हणाली. "खालचे दोन माळे मी धुतले. तुम्ही आत्ता पाहिलेत. नीट धुतलेत ना?"

"उत्तम."

"तिथे काय होतं ते कुणाला सांगता येणार नाही, इतके नीट धुतलेत. मी जन्मभर तेच केलं आणि त्याचेच पैसे घेतले. खाली नावं होती, ती गेली. आता मला सांगा म्हटलं तरी सांगता यायची नाहीत." तिने बाकड्याच्या कडेवर हात ठेवला. "इथे माझा बाप बसायचा. हा खळगा त्याच्या मनगटाचा आहे, आणि त्याच्या आधी जे बसले त्यांच्या मनगटांचा. ही वखार या वासाने बांधलीय, साहेब. खांब नंतर आले. तो गेला तर हॉटेल करा, नाहीतर काहीही करा, मी काही म्हणणार नाही. पण तो माझ्या हातून जाणार नाही, आणि मी इथे बसलेय तोवर त्याच्या हातूनही नाही." तिने ओड्वारकडे बोट केलं.

"मी तर कॉफीच पितोय," ओड्वार म्हणाला.

गेर्ड फसकन हसली. रग्नाही हसली आणि तिने डोळे पुसले. नेससाहेबांनी हातमोजा काढला आणि टेबलक्लॉथची कड वर करून त्या खळग्यात आपलं मनगट ठेवून पाहिलं. ते बरोबर बसलं.

यर्गेन खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "आजोबा घरी यायचे तेव्हा आजी त्यांना पुढच्या दाराने घरात घेत नसे. मागून, स्वयंपाकघरातून यायचे. वखारीचे मालक, आणि मागच्या दाराने. मीही त्यांच्या मांडीवर बसत नसे. या वासामुळे."

"बस मग," डाग्नी म्हणाली आणि एक बादली पालथी करून त्याच्यापुढे सरकवली. "कप आहे अजून एक."

तो बसला. नेससाहेबही बसले. बटाट्याचे गोळे त्या दिवशी बरेच थंड झाले असणार.

निकाल हिवाळ्यात लागला. तिसरा माळा, कप्पी, पाण्यावर उघडणारी दारं आणि सगळा बाह्यभाग आहे तसा राखायचा, आणि कुजलेल्या खांबांसाठी शहराने हातभार लावायचा असं ठरलं. हॉटेलवाले ओस्लोला परतले, त्यांचं आम्हाला काही दुःख नाही. खालच्या दोन माळ्यांवर एक होड्या दुरुस्त करणारा आला आणि एक पाववाली आली. यर्गेन अजून छपराबद्दल कुरकुरतो, पण कुणी पाहुणा आला की त्याला आधी वर नेतो.

आणि त्या माळ्याची किल्ली डाग्नीला मिळाली. झाडलोट, देखभाल. सोबतच्या सूचनांत रग्नाने स्वतः लिहिलं होतं, कोरडा झाडू फक्त, पाणी लावू नये, साबण तर मुळीच नाही.

गेर्ड पोट धरून हसली. "तुला! साबणाशिवाय! इंगवाल असता तर हसून मेला असता."

"तो मेलाच आहे की."

"मग पुन्हा मेला असता."

पहिल्या दिवशी डाग्नीने बाकडं कोरड्या फडक्याने पुसलं, खिडकीच्या काचा तेवढ्या लख्ख केल्या, कारण काचांबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं, आणि तो साबण कागदात गुंडाळून पुन्हा त्याच फटीत ठेवला. मग माळ्याच्या मधोमध उभी राहून डोळे मिटले आणि श्वास घेतला. सगळं जागेवर होतं.

परतीची बस गच्च भरली होती. ती मधल्या बाकावर बसली. पुढच्या बाकावरच्या मुलीने वळून पाहिलं, नाक मुरडलं आणि आईच्या कानात काहीतरी कुजबुजली. आई अवघडली, डाग्नीकडे न बघता उठली आणि खिडकीची कडी चाचपू लागली. कडी घट्ट होती. बाहेर पाऊस कोसळत होता.

"थांब, ती अशी निघत नाही," डाग्नी म्हणाली. ती उठली, हाताच्या एका फटक्याने कडी सोडवली आणि खिडकी पूर्ण उघडून दिली. गार वारा आणि थेंब आत आले. मग तिने मुलीकडे बघितलं.

"मासा आहे," तिने सांगितलं. "सुका. माझ्या बाबांचा."

आणि ती पुन्हा आपल्या जागी बसली, पाऊस तोंडावर घेत, घर येईपर्यंत.